अभ्यासिकेतल्या माना: मोबाइलवर अभ्यास करणाऱ्यांसाठी मॅन्युअल थेरपी, प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025, सोमवार. कुणासाठी आणि कशाने

पुण्यातल्या सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली. लेक्चर यूट्यूबवर, चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर, टेस्ट सिरीज ॲपवर. लॅपटॉप थोड्यांकडेच असतो, त्यामुळे दिवसाचा बहुतेक अभ्यास तळहाताएवढ्या पडद्यावर चालतो. त्यात राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक. मोबाइल बाजूला ठेवला की तीच मान वहीवर वाकते. तक्रारी ठरलेल्या: मान आखडते, खांदे भरून येतात, संध्याकाळी डोक्याच्या मागून कपाळाकडे कळ येते, रात्री कुशीवर वळताना मान धरते.

"फोन कमी वापरा" हा सल्ला इथे निरुपयोगी आहे, कारण फोन हेच यांचं पुस्तक आहे. म्हणून प्रकल्पाची आखणी अशी: आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्धा तास, सहा आठवडे. हाताने उपचार (मॅन्युअल थेरपी), लगेच व्यायाम, आणि फोन धरण्याच्या पद्धतीत बदल. या नोंदी छोट्या दवाखान्यात असंच काम उभं करू पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आहेत. सांध्यांवरची तंत्रं शिकलेल्यांनीच करावीत. पंचा, चादर, उशी, फोन यांबद्दलचा भाग कुणीही वापरावा.

साहित्य: सांध्याचा कोन मोजायचा प्लास्टिकचा गोनिओमीटर (शे-दोनशे रुपये), शिंप्याची मोजपट्टी, फोनचा ट्रायपॉड, गवंड्याचा ओळंबा, घड्याळी डायलचं बीपीचं यंत्र (हजाराच्या आत), चार सुती पंचे, एक सोलापुरी चादर. मानेच्या खोल स्नायूंची चाचणी घ्यायला प्रेशर बायोफीडबॅकचं खास यंत्र मिळतं, पण आयात केलेलं यंत्र दहा हजारांच्या पुढे जातं. बीपीच्या पट्ट्यावर तेच काम भागवायचं ठरवलं. ते कितपत भागतं, हे पुढे येईलच.

8 जानेवारी, बुधवार. हात लावण्याआधीची गाळणी

ही नोंद सगळ्यांत आधी वाचावी. तरुण मुलं आहेत, मोबाइल वापरतात, म्हणजे मोबाइलमुळेच दुखत असणार, हे गृहीत धरणं धोक्याचं आहे.

पहिल्या भेटीत विचारायचं ते असं. गाडीवरून पडणं किंवा डोक्याला मार? अचानक सुरू झालेली, "अशी कधी दुखली नव्हती" अशी मान किंवा डोकं? चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, उभ्या उभ्या कोसळणं, चेहऱ्याला बधिरपणा? यांतलं एकही असेल तर मानेला हात न लावता डॉक्टरकडे. मानेतल्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडली तर ती तरुण वयातही आधी फक्त मानदुखी आणि डोकेदुखी म्हणून समोर येऊ शकते.

दुसरा गट मज्जारज्जूवरच्या दाबाचा. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, अक्षर बिघडलंय का, चालताना तोल जातो का. सोबत हॉफमन चाचणी: मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारल्यावर अंगठा आत वळला तर पुढची तपासणी हवी. अक्षराचा प्रश्न या मुलांना विचारणं सोपं जातं, कारण रोज उत्तरलेखन चालू असतं. हाताला मुंग्या येत असतील तर मानेतली नस दाबली जातेय का ते पाहणाऱ्या चाचण्या: स्पर्लिंग, डिस्ट्रॅक्शन आणि अप्पर लिंब टेन्शन. रुमॅटॉइड संधिवात (आमवात) असेल तर मानेच्या वरच्या भागावर सांधे हलवण्याचं कोणतंही तंत्र नाही.

आज एकाला याच टप्प्यावर मणक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मानदुखी साधीच वाटत होती. बटणांचा प्रश्न विचारल्यावर चित्र बदललं.

ठरलं: मानेवर झटका देणारं मॅनिप्युलेशन या प्रकल्पात नाही. हलक्या, लयीत केलेल्या मोबिलायझेशननेही (झटका न देता सांधा हलवणं) बऱ्याच जणांची हालचाल मोकळी होते, मग झटक्याची गरज उरत नाही.

13 जानेवारी, सोमवार. कोन मोजण्यात गेलेला वेळ

डोकं किती पुढे आलंय हे मोजायला क्रेनिओव्हर्टेब्रल अँगल घेतात. कानाच्या छिद्रापुढचा छोटा उंचवटा आणि सातवा मानेचा मणका जोडणारी रेघ आडव्या रेषेशी किती अंश करते, तो हा कोन. साधारण 48 ते 50 अंशांच्या खाली गेला तर डोकं पुढे आलं असं धरतात. बाजूने फोटो काढायचा आणि किनोव्हिया या मोफत सॉफ्टवेअरवर कोन मोजायचा. वाचायला सोपं आहे. करताना चार ठिकाणी अडतं.

पहिलं, सातवा मणका सापडणं. मान वाकवल्यावर दोन उंचवटे दिसतात आणि वरचाच धरला जातो. उपाय: दोन्हींवर बोटं ठेवून मान हळूच मागे न्यायला सांगायचं. जो पुढे सरकून बोटाखालून नाहीसा होतो तो सहावा, जो जागेवर राहतो तो सातवा.

दुसरं, खूण. कानापुढच्या उंचवट्यावर टिकली छान बसते. मणक्यावर लावलेली टिकली बाजूने काढलेल्या फोटोत दिसतच नाही, कारण ती सपाट. तिथे मोठा मणी अर्धा कापून दुहेरी टेपने चिकटवला. तो टोकासारखा बाहेर दिसतो. मुलींचे केस वर बांधून घ्यावेत, कॉलरचा शर्ट असेल तर तो मागे खाली ओढून पिन लावावी.

तिसरं, कॅमेरा. ट्रायपॉड खांद्याच्या उंचीवर, अंतर दीड ते दोन मीटर, वाइड अँगल बंद. फोन हातात धरून काढलेले फोटो टाकून द्यावे लागले. चौकटीत ओळंबा लटकत असला की उभी रेषा मिळते आणि फोन तिरका होता का ते नंतर कळतं.

चौथं सगळ्यांत मोठं: फोटो काढतोय म्हटलं की माणूस ताठ होतो. डोळे मिटून मान खाली-वर हलवायची, हालचाल लहान लहान करत आणायची आणि जिथे सहज थांबेल तिथे डोळे उघडून समोर पाहायचं. त्याच क्षणी फोटो. असे तीन काढून सरासरी.

इतकं करूनही दोन-तीन अंशांचा फरक मोजणीतच जातो. शिवाय कोन सुधारला म्हणून दुखणं कमी झालं किंवा उलट, असं सरळ नातं दिसत नाही. म्हणून कोन फक्त सुरुवातीला आणि शेवटी. दर भेटीला मोजायचं ते दुखणं (0 ते 10), मान दोन्ही बाजूंना किती वळते ते, आणि नेक डिसॅबिलिटी इंडेक्स (मानदुखीने रोजची कामं किती अडतात ते विचारणारी प्रश्नावली) यातलं वाचनाचं उत्तर.

या इंडेक्सबद्दल थोडं. दहा विभाग, प्रत्येकी 0 ते 5, एकूण 50. "गाडी चालवणे" हा विभाग पुण्यात गाडी नसलेली मुलं कोरा सोडतात. तिथे शून्य लिहायचं नाही. एकूण 45 धरून टक्के काढायचे.

16 जानेवारी, गुरुवार. शेक आणि मसाज: का सोडलं

सुरुवातीचा क्रम जवळपास कुठल्याही ओपीडीत दिसतो तसाच: दहा मिनिटं हॉट पॅक, दहा मिनिटं खांद्याच्या वरच्या स्नायूवर, म्हणजे अप्पर ट्रॅपेझिअसवर, मसाज, आणि शेवटी घाईघाईत कागदावर व्यायाम. टेबलावरून उठताना प्रत्येकाला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच दुखणं परत.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हाताने उपचार केल्यावर दुखणं दबतं आणि हालचाल मोकळी होते, पण ही मोकळीक थोड्या वेळाचीच. त्या वेळात खोल स्नायूंना काम दिलं नाही तर माणूस आहे त्याच ताकदीने त्याच खुर्चीत जाऊन बसतो. शिवाय दुखतं खांद्यात, पण अडकलेलं असतं बरेचदा मानेच्या अगदी वर किंवा पाठीच्या वरच्या भागात. दिवसभर ओढलेला स्नायू नुसता दाबून मिळतं ते तेवढ्यापुरतं.

नवी वाटणी: 5 मिनिटं मोजमाप, 10 मिनिटं हात, 12 मिनिटं व्यायाम, 3 मिनिटं फोन कुठे आणि कसा धरला जातोय त्यावर. शेक काढून टाकला. हवा असेल त्याने खोलीवर घ्यावा.

आणखी एक छोटी पण रोजची अडचण: मुलं येण्याआधी बाम चोळून येतात. अंगठा घसरतो, सांध्यावर दाब नेमका बसत नाही आणि तोच हात डोळ्याला लागला तर आपलीच पंचाईत. आता आल्याबरोबर ओल्या पंचाने मान पुसून घेतो. ट्रिगर पॉइंट (स्नायूतल्या दुखऱ्या गाठी) आणि सांध्यांच्या कामाला तेलही नको.

20 जानेवारी, सोमवार. हाताच्या कामाचा क्रम

दहा मिनिटांत सगळं करायला गेलं की काहीच धड होत नाही. एका भेटीत दोन, फार तर तीन तंत्रं. प्रत्येकानंतर मान वळवून पाहायची. ज्याने फरक पडला ते ठेवायचं, ज्याने नाही पडला ते त्या माणसासाठी सोडायचं. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट मेटलंड यांच्या पद्धतीचा गाभा हाच आहे, आणि वेळ वाचवणाराही.

कवटीच्या तळाशी दाब: उताणं झोपवून बोटांची पेरं कवटीच्या कडेखाली, डोक्याचा भार पेरांवर, दोन ते तीन मिनिटं. दाबायचं नाही, डोकं आपणहून खाली येऊ द्यायचं. नखं वाढलेली असतील तर हे तंत्र करूच नये. डोक्याच्या मागून पुढे येणारी कळ यानेच सुरुवातीला कमी होते.

मणक्यांवर मागून पुढे दाब: पालथं झोपवून अंगठ्याची टोकं मणक्याच्या उंचवट्यावर, किंवा मध्यरेषेपासून अंगठ्याएवढं बाजूला सांध्यावर. सेकंदाला साधारण दोन दाब, 30 ते 60 सेकंद, तीन फेऱ्या. दुखणं जोरात असेल, म्हणजे दहा मिनिटं फोन पाहिल्यावर सुरू होऊन तासन् तास थांबत नसेल, तर ग्रेड (दाबाची पायरी) 1-2: अडथळ्यापर्यंत जायचंच नाही. ताठरपणा जास्त आणि दुखणं कमी असेल तर ग्रेड 3-4: अडथळ्यापर्यंत जायचं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. तोंडासाठी भोक नसलेल्या टेबलावर माणूस मान एका बाजूला वळवून झोपतो आणि मग दाब कुठे जातो ते सांगता येत नाही. कपाळाखाली दोन पंच्यांची गुंडाळी, छातीखाली पातळ उशी, हनुवटी किंचित आत. मान सरळ मिळते. दुसरं म्हणजे आपले अंगठे. दाब अंगठ्याच्या स्नायूंनी दिला तर आठवडाभरात अंगठ्याचं बूड दुखायला लागतं. कोपरं सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, हालचाल कमरेतून. खालचा अंगठा सैल, वरचा दाब देणारा.

ट्रिगर पॉइंट: अप्पर ट्रॅपेझिअस चिमटीत धरून, आणि खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर, जिथे मानेतून येणारा लिव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू येऊन चिकटतो, तिथे सरळ दाब. 30 ते 90 सेकंद, दुखणं 10 पैकी 6-7 च्या पुढे जाऊ न देता, निम्मं झालं की सोडायचं. जास्त दाबलं तर लवकर सुटतं असं नाही; काळानिळा डाग पडतो आणि माणूस पुढच्या भेटीला येत नाही. मानेच्या पुढच्या बाजूचा स्टर्नोमास्टॉइड स्नायू फक्त उचलून चिमटीत धरायचा, आत दाबायचा नाही. बोटांखाली नाडी लागली की तत्काळ सोडायचं.

उपचारानंतर एक-दोन दिवस मान ठणकू शकते, हे आधीच सांगून ठेवावं. सांगितलं नाही तर उपचाराने वाढलं असं वाटतं, आणि ते वाटणं साहजिकच आहे.

23 जानेवारी, गुरुवार. पहिल्या दोन मणक्यांचा सांधा आणि पंचा

डोकेदुखी असणाऱ्यांसाठी ही सर्वांत उपयोगाची नोंद. उताणं झोपवून मान पूर्ण पुढे वाकवायची, हनुवटी छातीकडे, आणि त्याच स्थितीत डोकं डावी-उजवीकडे वळवायचं. मान पूर्ण वाकलेली असताना खालचे सांधे जवळपास बंद असतात, त्यामुळे वळणारा सांधा मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधला. निरोगी मानेत दोन्हीकडे 44 अंशांच्या आसपास वळतं. 32 च्या खाली, किंवा दोन बाजूंत दहा अंशांहून जास्त फरक, तर सांधा अडकलेला समजायचा. मान अर्धवट वाकवली तर ही चाचणी फसते, खालचे सांधे मदतीला येतात आणि सगळं ठीक दिसतं.

उपाय म्हणजे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीतला स्नॅग: सांध्याला दिशा देऊन धरायचं आणि माणसाने स्वतः मान वळवायची. घरी करण्यासाठी यातला पंचाचा प्रकार शिकवतो.

मान उजवीकडे वळत नसेल तर असं. पंचाची किनार कवटीच्या अगदी खाली, मानेच्या मागे लावायची. डाव्या गालावरून पुढे येणारं टोक उजव्या हातात. हा हात वर, गालाच्या पातळीवर. उजव्या बाजूने येणारं टोक डाव्या हातात, छातीकडे खाली घट्ट धरून ठेवलेलं. वरच्या हाताने पंचा आडवा पुढे ओढायचा आणि ओढ सोडून न देता मान उजवीकडे वळवायची. शेवटाला तीन सेकंद थांबून तसंच परत. चार-सहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वळताना दुखता कामा नये. दुखलं तर किनार वर-खाली किंचित सरकवायची. तरी दुखलं तर थांबायचं.

टर्किश टॉवेलवर हे जमत नाही. तो जाड, किनार एका मणक्यावर बसत नाही आणि ओढल्यावर सरळ कानावर सरकतो. सुती पंचा धुऊन मऊ झालेला असला की छान पकडतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ओढ खाली जाणं. मग मान मागे कलते आणि कळ वाढते. आरशासमोर शिकवलं की हे लवकर सुधारतं. शिकवायला एक भेट पुरत नाही. दुसऱ्या भेटीत करून दाखवायला लावलं की निम्म्या जणांचे हात उलटे असतात.

27 जानेवारी, सोमवार. बीपीचा पट्टा

मानेच्या पुढच्या खोल स्नायूंची चाचणी: उताणं, गुडघे वाकवलेले, मानेखाली फुगवलेला पट्टा 20 मिमी पाऱ्यावर. हलकेच मान डोलावून 22, मग 24, असं 30 पर्यंत; प्रत्येक पायरीवर दहा सेकंद धरायचं.

पट्टा लांबीत तीन घड्या करून रबरी पिशवी मधोमध येईल असा दुमडला आणि सुती पट्टीने बांधला. न बांधता ठेवला तर डोक्याच्या भाराने उलगडतो. जागा कवटीला लागून. खाली खांद्यांकडे गेला की आकडे निरर्थक. डायलवरची एक रेघ 2 मिमीची, म्हणजे एक पायरी एक रेघ. काही डायलवर 20 च्या खाली खुणाच नसतात, पण आपल्याला सुरुवातच 20 पासून करायची आहे. खरा त्रास हवेच्या गळतीचा. वापरण्याआधी 20 वर भरून वर पुस्तक ठेवायचं आणि मिनिटभर काटा पाहायचा. खाली येत असेल तर आधी स्क्रू, मग नळीचे जोड. दहा सेकंद टिकला तरी चाचणी होते, पण सरकत्या काट्याकडे बघत व्यायाम शिकवता येत नाही. नळीला चिमटा लावून भागलं.

काटा वर गेला म्हणजे काम बरोबर झालं असं नाही. मान मागे ढकलली तरी तो वर जातो. म्हणून डोळे काट्यावर कमी आणि गळ्यावर जास्त. बाजूचे स्टर्नोमास्टॉइड ताणून वर आले की पायरी चुकली. जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे. नाहीतर जबडा आवळला जातो.

शब्दही बदलावे लागले. "हनुवटी आत घ्या, मान मागे ढकला" असं सांगितलं की मुलं पूर्ण जोर लावतात, वरचे सांधे दाबले जातात आणि डोकं दुखायला लागतं. आता एवढंच सांगतो: "कुणाला तरी हळूच हो म्हणताय." त्यानेच हालचाल योग्य जागी होते.

ताकद टिकते किती, ते वेगळं पाहायचं: हनुवटी आत ठेवून डोकं टेबलापासून अडीच सेंटिमीटर उचलायचं आणि सेकंद मोजायचे. 2005 च्या एका अभ्यासात मान न दुखणाऱ्यांची सरासरी 39 सेकंदांच्या आसपास आणि दुखणाऱ्यांची 24 होती. दोन्ही गटांत माणसामाणसांतला फरक मोठा, म्हणून हा आकडा त्या व्यक्तीच्याच आधीच्या आकड्याशी ताडावा. हनुवटी सुटली की वेळ तिथेच थांबवायची, डोकं वर असलं तरी.

31 जानेवारी, शुक्रवार. फोन कुठे ठेवायचा

"फोन डोळ्यांच्या पातळीवर धरा" हा सल्ला तीन दिवसही टिकत नाही. हात उचलून धरल्यावर काही मिनिटांत खांदा भरतो आणि जिथे दुखतं त्याच ट्रॅपेझिअसवर नवा भार येतो. हाताला टेकू असेल तरच फोन वर राहतो.

अभ्यासिकेच्या टेबलावर: लेक्चर पाहताना फोन हातात नकोच. जाड पुस्तकांची चळत, वर साधा प्लास्टिकचा स्टँड, फोन आडवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या थोडी खाली. पीडीएफ वाचताना बोट लागतंच. तिथे दोन्ही कोपरं टेबलावर आणि फोन दोन्ही हातांत. टेबल नसेल तर सॅक मांडीवर घेऊन कोपरं तिच्यावर. बसमध्येही हेच चालतं. अक्षरं मोठी करणं फुकटात होतं आणि फरक लगेच दिसतो: बारीक अक्षरांकडे डोकं ओढलं जातं.

उत्तरलेखनासाठी पॅडखाली दोन पुस्तकं मागच्या बाजूला, म्हणजे उतार आपल्याकडे. फार उतार झाला की हात घसरतो.

2014 साली अमेरिकेतल्या एका स्पाइन सर्जनने मांडलेले आकडे मुलं स्क्रीनशॉट घेऊन दाखवतात: मान 60 अंश वाकली की मानेवर 27 किलो भार. ते गणिती मॉडेलवरून काढलेले आहेत, रुग्णांच्या मानेत मोजलेले नाहीत. भार वाढतो हे खरं, पण मान वाकणं म्हणजे मान झिजणं नव्हे. मान वाकण्यासाठीच आहे. अडचण तासभर एकाच कोनात राहण्याची. एखाद्याला हे पटवून देण्यात दहा मिनिटं गेली तरी ती द्यावीत, कारण घाबरलेला माणूस मान हलवायचीच सोडतो आणि मग ती जास्त आखडते.

व्यायामाचा कागदही छोटा केला. आठ व्यायाम दिले की एकही होत नाही. आता दोनच, आणि वेळ घड्याळावर नाही: प्रत्येक लेक्चर संपलं की दहा वेळा "हो" आणि दहा वेळा खवाटे मागे-खाली.

3 फेब्रुवारी, सोमवार. कॉट, उशी

दिवसा सुधारलेलं रात्री बिघडतं. कुशीवर झोपून फोन गादीला टेकवला की मान एका बाजूला वाकलेली आणि वळलेली, तासभर. रात्रीचं पाहणं बंद होत नसेल तर भिंतीला टेकून, पाठीमागे उशी, गुडघे वर आणि फोन गुडघ्यांवर.

उशी: कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत यायला हवं. वसतिगृहातल्या दबलेल्या उशीत पंचाची गुंडाळी अभ्र्याच्या आत मानेच्या बाजूला घातली की बहुतेकांचं भागतं. महाग उशी घ्यायला कुणालाही सांगितलेलं नाही.

7 फेब्रुवारी, शुक्रवार. न्हावी, पट्टा, एक्स-रे

तीन गोष्टी वारंवार समोर येतात.

दाढी-कटिंगनंतर मान मोडून घेणं. कट् आवाज आला की बरं वाटतं, म्हणून दर वेळी मागून घेतली जाते. माहिती न घेता, तपासणी न करता, झटक्याने मान वळवणं हीच ती क्रिया जी आम्हीसुद्धा या प्रकल्पातून वगळली आहे. मानेतल्या धमनीला इजा होऊ शकते. चंपी खुशाल करावी. मान वळवू देऊ नये. स्वतःच्या हाताने हनुवटी धरून मोडणंही बंद.

मानेचा पट्टा. औषधाच्या दुकानातून घेऊन दिवसभर लावून अभ्यास. पट्टा काम करतो म्हणून स्नायू काम सोडतात. साध्या मानदुखीत तो काढून ठेवायला सांगतो.

एक्स-रेवरचा "मानेचा बाक कमी झालाय" हा शेरा. मान न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत हा शेरा असतो, आणि फोटो काढताना हनुवटी जरा खाली गेली तरी बाक सरळ दिसतो. त्यावरून उपचार बदलत नाही.

13 फेब्रुवारी, गुरुवार. पाठीचा वरचा भाग

मानेवर काम करूनही वळणं अडकून राहिलेल्यांत पाठीचा वरचा भाग, टी1 ते टी6 (मानेखालचे पहिले सहा मणके), ताठ निघतो. त्यावर मागून पुढे दाब, ग्रेड 3-4, तळहाताच्या कडेने. इथे झटक्याचं मॅनिप्युलेशन शिकलेल्या थेरपिस्टने करायला हरकत नाही. मानदुखीवरच्या 2017 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्येही ते व्यायामासोबत सुचवलेलं आहे. दुखऱ्या मानेला हात न लावता मान मोकळी होते, म्हणून जास्त दुखणाऱ्यांत सुरुवात इथूनच करणं सोयीचं.

घरी: सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी, साधारण 10 सेंटिमीटर जाड, जमिनीवर. खवाट्यांच्या मधोमध आडवी. गुडघे वाकवलेले, हातांची बोटं मानेमागे गुंफून डोक्याला आधार. श्वास सोडत मागे, पाच वेळा. मग गुंडाळी दोन बोटं वर. कमरेखाली कधीच नाही. डोक्याला आधार न दिल्यास सगळा ताण मानेवर जातो आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. फोम रोलरपेक्षा चादर बरी, कारण जाडी माणसाप्रमाणे कमी-जास्त करता येते.

20 फेब्रुवारी, गुरुवार. शेवटची मोजणी आणि थांबण्याच्या खुणा

दुखण्यात किमान 2 अंकांचा आणि इंडेक्समध्ये 50 पैकी पाच-सात गुणांचा फरक नसेल तर सुधारणा म्हणून नोंदवत नाही. इंडेक्समध्ये आधी हलतात ते वाचन, डोकेदुखी आणि लक्ष लागणे हे विभाग. झोप उशिरा सुधारते. फोटोतला कोन बहुतेकांचा जिथे होता तिथेच आहे, दुखणं कमी झालेल्यांचासुद्धा.

फायदा कमी झालेले ओळखीचे आहेत: रात्रीचा फोन न बदललेले, आणि हातांचा उपचार घेऊन व्यायामाआधी उठून जाणारे. दुसऱ्या गटासाठी क्रम उलटा करून पाहतोय. आधी पाच मिनिटं "हो" चा व्यायाम, मग हात, मग पुन्हा व्यायाम.

तीन भेटींत काहीच हललं नाही तर तेच तंत्र चौथ्यांदा करायचं नाही. 8 जानेवारीच्या नोंदीतली गाळणी पुन्हा पहिल्यापासून लावायची. मान वळणं दोन्हीकडे सारखं, डोकं उचलून धरण्याचे सेकंद वाढलेले आणि सलग दोन आठवडे दुखणं 2 च्या आत असेल तर भेटी बंद, व्यायाम चालू. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात दुखणं पुन्हा डोकं काढतं. त्यासाठी पंचा आणि चादरीच्या कृतीचा प्रत्येकाच्याच फोनमध्ये, त्यांनी स्वतः करतानाचा व्हिडिओ काढून ठेवला आहे.

पुढच्या तुकडीसाठी: बीपीचा दुसरा पट्टा आणायचा, अर्धे मणी एकदम जास्त कापून ठेवायचे, आणि पंचाचं तंत्र पहिल्या भेटीऐवजी दुसऱ्या भेटीत शिकवायचं.